करमतंय म्हणायचं

आमच्याकडं सासरहून लेक आली की पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. "करमतंय का?" असं विचारतात. उत्तरही ठरलेलं असतं, "करमतंय की." नवी नवरी असेल तर ते खाली बघून म्हणायचं आणि लेकरंबाळं झालेली असेल तर हसून. कुणी फारच खोदून विचारलं तर "न करमून कुठं जावं?" असं म्हणायचं आणि विषय संपवायचा. मी सात वर्षं हेच उत्तर देत आले. फरक एवढाच, की माझं सासर गंगाखेडला आणि संसार जर्मनीत.

लग्न झालं तेव्हा मी गंगाखेडच्या एका शाळेत गणित शिकवत होते. माहेर राणीसावरगाव, एसटीनं तासाभराच्या आतलं. नवरा पुण्यात, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत. लग्नाला वर्ष व्हायच्या आत कंपनीनं त्याला जर्मनीला पाठवायचं ठरवलं. दोन वर्षांसाठी. मी नोकरी सोडली नाही, बिनपगारी रजा मागितली. हेडमास्तर म्हणाले, "दोनच वर्षं ना? जाऊन या मॅडम. तुमचा आठवीचा वर्ग मी स्वतः घेतो."

ती दोन वर्षं संपली तेव्हा आणखी दोन वर्षं वाढवून मिळाली आणि घरात सगळ्यांना आनंद झाला. लेक त्याआधीच झाली होती. मग कंपनीनं नवऱ्याला तिकडचाच करून घेतला. हेडमास्तर निवृत्त झाले आणि माझ्या जागी दुसऱ्या बाई आल्या. नको म्हणायचं असं कुठलं एक वळण आलंच नाही. आलं असेल तर मला ते तेव्हा दिसलं नाही.

आम्ही राहतो ते शहर लहान आहे. मधून नदी जाते, काठानं सायकलींचा रस्ता आहे, झाडं आहेत. माणसं वाईट नाहीत. रस्त्यात भेटली तर अभिवादन करतात आणि पुढं जातात. रविवारी आवाज करायचा नसतो, म्हणून मिक्सर शनिवारीच फिरवून ठेवते. पहिल्या हिवाळ्यात मी एकदा दुपारी भाकरी थापायला बसले, तर खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई वर आल्या आणि नम्रपणे विचारू लागल्या, "काही दुरुस्तीचं काम चाललंय का? किती वेळ चालेल?" मी त्यांना परात दाखवली. त्या हसल्या, छान म्हणाल्या, आणि तरीही दारातच उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून मी परातीखाली जाड टॉवेल घडी करून ठेवते. भाकरी आता आवाज न करता होते. राणीसावरगावात हे सांगितलं तर सगळे पोट धरून हसतात. मीही त्यांच्यासाठी ते हसण्यासारखंच सांगते.

भाषा शिकले. दोन परीक्षा दिल्या. दुकानात, दवाखान्यात, लेकीच्या बालवाडीत अडत नाही. पण शाळेत गणित शिकवायचं तर पुन्हा कॉलेजपासून सुरुवात करावी लागणार होती, आणि लेक लहान होती, आणि नवरा सकाळी अंधारात जाऊन संध्याकाळी अंधारात येत होता. नोव्हेंबरात तिकडं चार वाजताच दिवस मावळतो.

एक दिवस आठवतो. लेकीला बालवाडीत सोडून मी घरी आले आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले. कोट काढायचा होता, पण काढला नाही. बूटही पायातच. भांडी पडली होती, कपडे वाळत घालायचे होते. मी तशीच बसून राहिले, लेकीला आणायची वेळ होईपर्यंत. मग उठले आणि तिला आणायला गेले. बालवाडीतल्या बाई म्हणाल्या, "आज तुम्ही अगदी वेळेवर तयार होऊन आलात." मी हो म्हणाले. घरी आल्यावर लेकीला खाऊ दिला, नवऱ्यासाठी वरण-भात केला. त्यानं विचारलं, "आज काय केलंस?" मी म्हणाले, "काही नाही, नेहमीचंच."

हे कुणाला कसं सांगायचं? आमच्याकडं बाईच्या दुखण्याच्या काही ठरलेल्या जागा आहेत. नवरा पितो, मारतो, सासू छळते, मूल होत नाही. यातलं काहीच मला नव्हतं. नवरा शांत माणूस, भांडी घासतो, लेकीची वेणी घालतो. घर गरम, पाण्याला ददात नाही. माझ्या दुखण्याला नाव नव्हतं, त्यामुळं ते दुखणंच नव्हतं.

त्यात माय. माझी माय गावात माझ्या नावावर मिरवत होती. व्हिडिओ कॉल लागला की मागं चार-पाच बायका असायच्याच. माय फोन उंच धरायची आणि म्हणायची, "दाव गं, भांडे धुवायची मशीन दाव." मी मशीन दाखवायची. खिडकीतून बर्फ दाखवायची. बायका म्हणायच्या, "नशीब काढलं पोरीनं." मग त्यातली एखादी विचारायची, "करमतंय का?" आणि मी उत्तर द्यायच्या आतच माय म्हणायची, "न करमायला काय झालं तिला!"

दोन वर्षांतून एकदा आम्ही गावी येतो. हैदराबादला उतरायचं आणि रेल्वेनं गंगाखेड. स्टेशनच्या अलीकडं साखर कारखान्याच्या मळीचा वास येतो. लेक नाक दाबते आणि मी खिडकीच्या गजांशी तोंड नेते. परवाच्या खेपेला आलो तो डिसेंबरचा शेवट होता. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते भरले होते. येतानाच मी ठरवून आले होते, की ह्या बारीला मायला सांगायचं. सांगून काय होणार, हे ठरवलं नव्हतं. एका माणसाला तरी खरं माहीत असावं, एवढंच वाटत होतं.

पण सुट्टी तीन आठवड्यांची आणि तिची वाटणी सासूबाईंनी आधीच केलेली. त्या मनानं मोकळ्या आहेत. कुणाला दुखवायचं नाही हा त्यांचा स्वभाव, आणि त्यापायी आम्ही रोज दोन-दोन घरी जेवत होतो. सकाळी चुलतसासऱ्यांकडं पुरणपोळी, संध्याकाळी नणंदेच्या सासरी पुन्हा पुरणपोळी. प्रत्येक घरी साडी, प्रत्येक घरी फोटो, प्रत्येक घरी तोच प्रश्न आणि तेच उत्तर.

एकदा सकाळी मी चप्पल घालून निघाले. माझी शाळा घरापासून पायी जाण्यासारखी. लग्नानंतर जर्मनीला जाईपर्यंत मी रोज त्याच रस्त्यानं चालत गेले होते. सासूबाईंनी दारातच अडवलं.

"कुठं निघालीस?"

"शाळेत जाऊन येते. भेटून येते सगळ्यांना."

"पायी? बाई गं, लोक काय म्हणतेल? जर्मनीहून आलेली सून पायी हिंडायलीय. थांब, गाडी काढायला सांगते."

गाडी निघेपर्यंत शाळेत फोन गेला होता. मी पोचले तेव्हा पटांगणात मुलं ओळीनं बसलेली, टेबलावर हार, शाल, नारळ. मला खुर्चीवर बसवलं. नव्या हेडमास्तरांनी भाषणात सांगितलं की आपल्या शाळेचं नाव सातासमुद्रापार गेलं. मला आठवीच्या वर्गात एकदा नुसतं जाऊन फळ्याजवळ उभं राहायचं होतं. तो वर्ग कुठाय, हेही मी विचारलं नाही. शेवटी मीच मुलांना म्हणाले, काही विचारायचं असेल तर विचारा. मागच्या ओळीतली एक मुलगी उठली.

"मॅडम, तुमी तिकडं पण गणितच शिकवता का?"

मी म्हणाले, "नाही."

"मग काय शिकवता?"

हेडमास्तर पटकन पुढं झाले आणि हसत म्हणाले, "बस खाली. तिकडं मॅडमला नोकरीची गरज नाही." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल खांद्यावर घेऊन गाडीत बसले आणि घरी आले. सासूबाईंनी ती शाल दिवाणखान्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी ठेवली.

माहेरी चार दिवस मिळाले. ते मी भांडून नाही, पण हट्टानं येळवशीला जोडून घेतले होते. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. लातूरच्या बाजूला हा सण मोठा, आणि आमचं गाव त्याच अंगाचं, म्हणून आमच्याकडंही. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करतात, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, पूजा होते, आणि मग ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे असं जेवण. मला वाटलं, शेतात तरी माय एकटी सापडेल.

कारण घरात ती सापडत नव्हती. पहिल्या दिवशी ती चुलीपुढं बसली होती, मी पाटावर बसले आणि म्हणाले, "माय, मला जरा बोलायचंय." तेवढ्यात शेजारची काकू आली, मागं तिची पुतणी. पुतणी लाजत होती. काकू मला म्हणाली, "हिचं शिक्षण पुरं झालंय. तिकडचं एखादं स्थळ बघ बाई. तुझ्यासारखं हिचं बी कल्याण होईल." माय भाकरी उलटत म्हणाली, "बघंल की. तिच्या वळखी लय हायत." दुसऱ्या दिवशी माय माझ्या डोक्याला तेल लावत होती, तर वहिनी भाजी निवडायला जवळ येऊन बसली. वहिनी चांगली आहे, पण तिच्यासमोर ते बोलणं निघेना. नुसतं "डोकं जड झालंय" एवढंच म्हणाले. माय म्हणाली, "इमानाचा परवास हाय, व्हणारच."

त्याच दुपारी लेक ओसरीवरून आत आली, माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिकडच्या भाषेत म्हणाली, "आपण घरी कधी जायचं?"

मायनं विचारलं, "काय म्हणायलीय लेकरू?"

"झोप आलीय म्हणते," मी म्हणाले.

मायनं तिच्यासाठी गोधडी आंथरली. लेक त्या गोधडीवर पडून छताकडं बघत राहिली आणि मी तिच्याकडं. मला ज्या घरी यायचं होतं तिथून तिला तिच्या घरी जायचं होतं. आणि तिचं ते घर माझ्याशिवाय चालणार नव्हतं.

येळवशीला सकाळीच बैलगाडीत नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून सगळे शेतात गेलो. ज्वारी कमरेच्या वर आली होती, हरभरा घाट्यांवर होता. पूजा झाली, जेवणं झाली. बोलावणं न लागता माणसं येत होती, जेवून जात होती. दुपार कलली तेव्हा वडील आणि भाऊ शेजारच्या शेतात जेवायला गेले, वहिनी लेकीला घेऊन बोरं वेचायला. माय बांधावर पाय पसरून हरभऱ्याचे घाटे सोलत बसली. मी शेजारी जाऊन बसले.

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "बोल आता. तीन दिस झाले, तोंड उघडायलीस आन मिटायलीस."

"माय, मला तिकडं करमत न्हाई."

तिनं एक घाटा सोलला, दाणा ओंजळीत टाकला. "कवापसून?"

"पैल्यापसून. आधी वाटलं, करमंल. आता वाटायलंय, न्हाई करमणार."

"जावाई काय बोलायलेत का?"

"न्हाई."

"हात उचलतेत?"

"न्हाई गं. ते लय चांगले हायत."

"मग काय झालंय?"

"काहीच न्हाई झालं. सकाळ होती, दिस मावळतो. माझ्यावाचून कुणाचं अडत न्हाई, कुणावाचून माझं अडत न्हाई. घरात कुणी येत न्हाई. मी बोलत न्हाई दिस-दिस. आरशात बघितलं तर वाटतंय, ही कोण."

मायनं हातातला घाटा बांधावर ठेवला. मग म्हणाली, "मग नको जाऊ."

सात वर्षं मी ह्या तीन शब्दांची वाट बघत होते. रात्री कूस बदलताना कितीदा तरी ते मायच्या आवाजात ऐकले होते. आणि ते खरंच ऐकल्यावर माझ्या तोंडातून काय निघालं? मी म्हणाले, पोरीची शाळा सुरू झालीय, तिला मराठी वाचता येत नाही. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं तर तिथला राहण्याचा परवाना जातो. हे एकटे कसे राहतील. सासूबाईंना काय सांगायचं. शाळेतली जागा आता नाही. मी बोलतच गेले. वकील आपल्या अशिलाची बाजू मांडतो तशी मी त्या खिडकीची, त्या खुर्चीची बाजू मांडत होते. माझं मलाच ऐकू येत होतं आणि थांबता येत नव्हतं.

"येवढं समदं तुला ठावं हाय," माय म्हणाली, "मग मला कामून इचारायलीस?"

"इचारत न्हाई माय. सांगायलेय."

तेव्हा ती भडकली. हे मला अपेक्षित नव्हतं. ओंजळीतले दाणे तिनं पदरात टाकले आणि म्हणाली, "आन सात वर्सं काय सांगायलीस मग? मी गावभर सांगत हिंडले, पोरीचं लय बेस हाय म्हणून. बायका आणून बसवल्या फोनसमोर. तू हासायलीस, मशीन दावायलीस. मला येड्यात काढलंस व्हय गं?"

"तूच म्हणायचीस ना, न करमायला काय झालं."

"मी म्हणणार! मी माय हाय, मला तेच म्हणावं लागतंय. पर तू तरी एकटी असताना बोलायचंस."

"तू एकटी असायचीस कधी?"

ती उठली आणि भांडी घेऊन विहिरीकडं गेली. मी मागून गेले. मोटारीच्या पाण्यात आम्ही दोघी भांडी घासत बसलो. मला वाटलं, आता ती दिवसभर बोलणार नाही. पण पातेलं घासता घासता ती आपणहूनच बोलायला लागली, पातेल्याशी बोलावं तशी.

तिचं माहेर सेलू तालुक्यात, देवगाव फाट्यापासून आत. लग्न झालं तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची. पंचमीला माहेरी गेली होती, परत निघाली. तिच्या भावानं फाट्यावर आणून सोडलं, परभणीची गाडी येईल तिच्यात बस म्हणाला, आणि शेतात काम होतं म्हणून निघून गेला. गाडी आली. ती उठली नाही. दुसरी आली. तेव्हाही नाही.

"कामून?" मी विचारलं.

"पाय उचलंना. इकडं यायचं म्हणलं की नको वाटायचं. तुझी आजी मला नावानं हाक मारायची न्हाई, 'ए' म्हणायची निस्ती. आन माघारी जावं म्हणलं तर भाऊ म्हणणार, सासरहून पळून आली. गठुडं मांडीवर घिऊन बसले. चहावाला इचारायला, बाई कुठं जायचंय? मला सांगता येईना. कुठं म्हणून सांगू?"

"मग?"

"मग काय. दिस कलला. फाट्यावर बाप्येच उरले समदे. गाडी आली, तिच्यात बसले. परभणीला मावशीकडं राहिले, सकाळी इकडं आले. म्हणलं, गाडी बिघडली. कुणी इचारलं बी न्हाई."

"वडिलांना सांगितलंस?"

"आज तुला सांगायलेय."

"मग पुढं करमलं का माय?"

ती पातेलं उपडं ठेवत म्हणाली, "काय की. कामं लय व्हती." आणि थोड्या वेळानं, "तुझा भाऊ झाला, तू झालीस. मग कुणी इचारायचंच बंद झालं."

बोरांची ओटी भरून वहिनी आणि लेक येताना दिसल्या, तेव्हा मायनं तोंडावर पाणी मारलं आणि मोठ्यानं म्हणाली, "चला, आंबील उरलीय, कोण पिणार?"

मला वाटत होतं की सांगितल्यावर हलकं होईल. तसं झालं नाही. आधी मी एकटी कोंडलेली होते. आता वाटलं की आत मायही आहे, आणि ती माझ्या कितीतरी आधीपासून आहे. त्या रात्री मला झोप लागली, एवढं मात्र खरं.

निघायच्या दिवशी शेजारची काकू पुतणीचा फोटो घेऊन पुन्हा आली. मी फोटो घेण्यासाठी हात पुढं केला. माय आतून आली आणि म्हणाली, "फोटू दे. पर आधी पोरीला नीट इच्यार. तिकडं माणूस लय एकलं पडतंय. तिला सोसंल का ते बघ."

काकूनं मायकडं असं बघितलं, जसं मायला ताप चढलाय. "तुमच्या पोरीला तर करमतंय की!"

"माझ्या पोरीचं मी बघते," माय म्हणाली.

काकू फोटो न देताच गेली. गावात त्यावरून काय बोलणं झालं असेल ते मायनं मला कधी सांगितलं नाही. पुढं तिच्या फोनमागच्या बायका कमी झाल्या, हे मात्र मला दिसलं.

नवऱ्याला मी जर्मनीत परतल्यावर सांगितलं, एका रविवारी दुपारी. लेक तिच्या मैत्रिणीकडं गेली होती. तो चहा गाळत होता. गाळणी तशीच हातात धरून तो माझ्याकडं बघत राहिला. आम्ही घरात आमचीच बोली बोलतो.

"मला वाटलं, तुला इथं लय आवडायलंय," तो म्हणाला. "आईच सांगती मला फोनवर. तुझी माय सगळ्यांना सांगत असती म्हणं, पोरीला परत यावंच वाटंना."

म्हणजे मी मायला जे दाखवत होते ते मायकडून गावात, गावातून सासूबाईंकडं आणि तिथून फिरून माझ्याच स्वयंपाकघरात येत होतं. मी हसायला लागले आणि मला हसू आवरेना. तो घाबरला.

"मग जायचं का परत?" त्यानं विचारलं. खूप सावकाश.

"तुला जायचंय का?"

तो खिडकीशी गेला. खाली सायकलवरून कुणीतरी जात होतं. परत माझ्याकडं वळला तेव्हा त्याचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता.

"मला इथं करमतंय," तो म्हणाला.

ते त्यानं इतक्या हळू आणि इतकं खरं म्हटलं, की मला त्याचा राग आला नाही. त्याला तिथं काम आवडतं, शांतता आवडते, कुणी दारात येत नाही हेच आवडतं. ज्या गोष्टी मला जाचत होत्या त्याच त्याला मोकळं करत होत्या. तो खोटं बोलला असता तर मी भांडले असते. मग तो नेहमीचं म्हणाला, "आणखी दोन वर्षं काढू. इथलं नागरिकत्व मिळालं की कुठंही राहता येईल. मग बघू." चहा निवला होता, तो आम्ही पुन्हा गरम केला.

त्यानंतर मोठं काही घडलं नाही. वसंत आला. लेकीच्या जुन्या बालवाडीत सकाळी दोन तास मदतनीस हवी होती, मी गेले. लहान लेकरांचे बूट काढायचे, नाकं पुसायची, फळं चिरायची. कधी कधी त्यांना बोटांवर मोजायला शिकवते. हे शिकवणं नव्हे, पण कोट काढावा लागतो.

मायचा फोन आता वेळेवर येतो. पूर्वी ती "बरी हायस का?" म्हणायची. आता म्हणते, "थांब, मागल्या दारी जाते." मग पावलांचा आवाज, कडीचा आवाज, आणि ती म्हणते, "हं. आज काय झालं?" मी सांगते. काही झालेलं नसलं तर काही झालं नाही असं सांगते. ती "हं" म्हणते. उपाय सांगत नाही, तिच्याकडं तो नाही. कधी ती तिचं सांगते, गुडघ्याचं, वहिनीशी झालेल्या खटक्याचं. एकदा म्हणाली, "आज मला बी लय बेजार वाटायलंय, काय की कामून." मी म्हणाले, "हं."

ह्या वेळी दोन वर्षं न थांबता येत्या हिवाळ्यातच पुन्हा जायचं आहे. तिकीट काढायच्या आधी मायनं न विचारताच माझ्या सासूबाईंना फोन केला. काय बोलणं झालं ते तिनं मला जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणलं, इहिणबाई, ह्या बारीला पोरगी माझ्याकडं धा दिस राहणार. त्या म्हणल्या, पाव्हण्यांना काय सांगू मी? म्हणलं, सांगा, तिच्या मायची तब्येत बरी न्हाई."

"खरंच बरी नाही का माय?"

"बरी हाय. पर तसं म्हणल्याबिगर कोण सोडतंय बायांना."

तिकीट काढलं. जायची आणि परतीची, दोन्ही तारखा एकाच कागदावर आहेत. नवऱ्यानं तो कागद भिंतीवर लावला आणि लेकीनं परतीच्या तारखेभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढला. मी तो तसाच राहू दिला. स्वयंपाकाची वेळ झाली होती.